राऊटरची कृती

"थांब, देतो आईला," मी म्हणालो आणि फोन कानावरून काढून स्वयंपाकघराकडे निघालो.

दारापाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं. ओटा कोरडा होता. शेगडीवर काही नव्हतं. हातातल्या फोनमधून सुचीचा बारीक आवाज येत होता, "अण्णा... अहो अण्णा..."

कुमुदला जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

मी फोन परत कानाला लावला.

"जेवलीस का?"

"अण्णा, इथे सकाळ आहे."

"मग चहा?"

"घेतला. तुम्ही?"

"मीही."

मग तीच म्हणाली, "ठेवू का?" मी म्हणालो, "ठेव."

या गोष्टीला आता सहा वर्षं होऊन गेली, पण ते 'थांब, देतो आईला' मला अजून ऐकू येतो. ते तोंडून निघालं यात नवल नव्हतं. पाटबंधारे खात्याच्या धुळ्याच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी माझ्या बोर्डावर यायचा. कोण हवंय ते विचारायचं, आतलं एक्स्टेंशन जोडून द्यायचं आणि आपण लाइनवरून बाजूला व्हायचं. दोघं काय बोलतात ते ऐकायचं नाही, हा पहिला नियम. तो नियम मी घरीही पाळला. सुचेता, म्हणजे आमची सुची, लग्न करून कॅनडात कॅल्गरीला गेली. दहा वर्षं तिचा फोन मी उचलला आणि दहा वर्षं "कशी आहेस? बरी? थांब, देतो आईला," एवढंच बोललो. मायलेकी अर्धा अर्धा तास बोलायच्या. मी पेपर वाचायचो. आपलं काम झालं असं वाटायचं.

कुमुद तीन दिवस दवाखान्यात होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सुची तिसऱ्या दिवशी पोचली, पण तेव्हा कुमुद डोळे उघडत नव्हती. चौदावा झाला आणि सोळाव्या दिवशी सुची परत गेली. तिला सुट्टी तेवढीच होती. अठराव्या दिवशी मी घर आवरायला घेतलं. आवरण्यासारखं काही नव्हतं, पण हाताला काहीतरी हवं होतं.

पुढच्या आठवड्यात एक घोळ झाला. दुपारी मी बाजारातून आलो, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आडवा झालो. जानेवारीची थंडी, म्हणून कानात कापूस घातलेला. फोन पिशवीत मेथीच्या जुडीखाली. जाग आली ती दार बडवण्याच्या आवाजाने.

"भाऊ! ओ भाऊ! आहात का?"

शेजारच्या शिरसाठ वहिनी होत्या. मी कडी काढली.

"आहे."

"आहे तर आतून कडी लावून काय बसता? तुमच्या सुचीने माझा जीव काढला. चौदा वेळा फोन केला म्हणते तुम्हाला. मी तर आमच्या ह्यांना खिडकीशी शिडी लावायला सांगत होते."

शिरसाठ खरोखरच शिडी घेऊन अंगणात उभे होते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी शिडी धरूनच मान हलवली.

त्या दिवशी सुची पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. ओरडून झाल्यावर रडली. तिच्याकडे तेव्हा पहाटेचे तीन-साडेतीन वाजले असतील.

"अण्णा, हे असं चालणार नाही. एक तर घरात कॅमेरा लावा. मला इथून दिसलं पाहिजे की तुम्ही हिंडताफिरताय. नाहीतर मी तिकीट काढते आणि तुम्हाला इकडे घेऊन येते."

"आणि घर?"

"घराला कुलूप."

कॅमेऱ्याचं तिने तीन वर्षांपूर्वीही एकदा काढलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "घरात कॅमेरा? आपण काय बँक आहोत का?" कुमुद हसली होती आणि विषय तिथेच संपला होता. निदान मला तसं वाटलं होतं.

या वेळी मी असं काही बोललो नाही. देवपुरातल्या त्या घरात आम्ही बत्तीस वर्षं राहिलो होतो. कुमुदच्या चपला अजून दाराशी होत्या. खिडकीतली तुळस तिने लावलेली, तिला रोज पाणी लागायचं. कुलूप लावलं की हे सगळं आत राहणार आणि मी बर्फातल्या गावात जावयाच्या सोफ्यावर बसणार. मी म्हणालो, "पाठव कॅमेरा."

चार दिवसांनी कुरियर आलं. लिंबाएवढा पांढरा कॅमेरा होता, खाली बैठक. रविवारी सकाळी आठला आम्ही बसलो. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ. फोन स्पीकरवर ठेवला, चष्मा पुसला. कॅमेरा टीव्हीच्या कपाटावर ठेवून वायफायला जोडणं अर्ध्या तासात झालं. मला बरं वाटलं.

"आता मुख्य काम," सुची म्हणाली. "हा कॅमेरा घरातल्या घरात दिसेल. मला बाहेरून दिसायचा तर राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. आपल्या घराचा बाहेरचा पत्ता एकच आहे. मी इथून त्या पत्त्यावर आले की राऊटर दारात उभा. त्याला कळत नाही मला आत कुणाकडे जायचंय. तुमच्या मोबाइलकडे, टीव्हीकडे की कॅमेऱ्याकडे. म्हणून मी येताना एक नंबर घेऊन यायचं आणि राऊटरला आधीच सांगून ठेवायचं, या नंबरवर कुणी आलं की त्याला कॅमेऱ्याकडे पाठव."

"एक्स्टेंशन," मी म्हणालो.

"काय?"

"अगं, एक्स्टेंशन. बोर्डाचा नंबर एकच, आत साहेबांचे नंबर वेगळे. हा राऊटर म्हणजे ऑपरेटर."

"हो! अगदी तसंच. आईपण हेच म्हणाली होती."

"आईला काय माहीत राऊटरचं?"

मग ती म्हणाली, "अण्णा, राऊटरचा पासवर्ड लागेल. आईच्या वहीत आहे बघा. पाककृतींच्या."

"पाककृतींच्या वहीत?"

"बघा तर."

वही कुठे असते ते मला माहीत होतं. ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याशेजारी. मी ती कधी उघडली नव्हती. तपकिरी कागदाचं कव्हर, कडा तेलकट. आतली अक्षरं गोल आणि मोठी. कुमुद दहावीपर्यंत शिकली होती आणि तिचं अक्षर तिथेच राहिलं होतं. पानं उलटत गेलो. शेवभाजीचा मसाला. कळण्याची भाकरी. फोडणीची खिचडी, पुढे कंसात 'सुचीला आवडते तशी'. आणि त्याच्या पुढच्या पानावर:

'राऊटरची कृती.

साहित्य – मोबाइल पूर्ण चार्ज केलेला, जवळचा चष्मा, पासवर्ड, एक तास निवांत वेळ (हे वाचनालयात गेल्यावर).

कृती – प्रथम मोबाइलमध्ये वरच्या पट्टीत १९२ टिंब १६८ टिंब १ टिंब १ असं लिहावं. टिंबं विसरू नयेत. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाकावेत. मराठी आकडे राऊटरला कळत नाहीत, भलतंच उघडतं. माझे दोन दिवस यात गेले.'

"सापडलं का?" सुचीने विचारलं.

"वाचतोय."

'नंतर नाव admin टाकून पासवर्ड टाकावा. पासवर्ड – इंग्रजीत कोथिंबीर, पुढे ऑपरेटरचा नंबर.'

मी तिथेच थांबलो. आमच्या ऑफिसात आतून कुणाला ऑपरेटर हवा असला की नऊ फिरवायचे. माझा नंबर नऊ. आणि कुमुद महिन्यातून दोन-तीनदा वाण्याच्या दुकानातून ऑफिसला फोन करायची. मी म्हणायचो, "पाटबंधारे, बोला." ती म्हणायची, "ऑपरेटर, घरी येताना कोथिंबीर आणा," आणि ठेवून द्यायची. मी आसपासच्या लोकांसमोर गंभीर चेहऱ्याने "हो साहेब, देतो कळवून," असं म्हणायचो. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"अण्णा? लाइनवर आहात ना?"

"आहे. उघडतो."

मी आकडे टाकले. भलतंच उघडलं. बघतो तर मी मराठी आकडे टाकले होते. कीबोर्ड बदलला, परत टाकले. नाव टाकलं, kothimbir9 टाकलं. दार उघडल्यासारखं पान उघडलं.

वहीत पुढे लिहिलं होतं: 'डाव्या बाजूच्या यादीत पोर्ट फॉरवर्डिंग असं दिसेल तिथे जावं. पोर्ट म्हणजे बाहेरून आलेल्याला आत कुठे पाठवायचं तो नंबर. ह्यांच्या ऑफिसात एक्स्टेंशन असायचं तसंच. ह्यांना विचारलं असतं तर एका मिनिटात समजावलं असतं. पण ह्यांना विचारायचं नाहीये.'

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"आता नवीन नियम," ती सांगू लागली. "नाव काहीही लिहा. बाहेरचा पोर्ट आठ हजार ऐंशी. आतला पोर्टही आठ हजार ऐंशी. कॅमेऱ्याचा आतला पत्ता शेवटी बारा. लिहिलं? आता सेव्ह दाबा."

मी दाबलं. लाल अक्षरांत इंग्रजी ओळ आली.

"हा पोर्ट आधीच वापरात आहे, असं काहीतरी म्हणतोय."

"हं," सुची म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "खाली यादी असेल बघा. एक नियम आधीपासून असेल."

खाली एकच ओळ होती. नाव AAI. बाहेरचा पोर्ट ८०८०. आतला पत्ता शेवटी सात.

"आहे. आई म्हणून आहे."

"तो डिलीट करा. शेवटी कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, ते दाबा."

"हा कसला नियम आहे?"

"जुना आहे अण्णा. आता उपयोग नाही त्याचा. दाबा तुम्ही."

"सात नंबरवर काय होतं?"

"अण्णा, दाबा ना."

तिचा आवाज ऑफिसातल्या साहेबांसारखा झाला होता. साहेब असे बोलायचे तेव्हा त्यांना फोनवर पलीकडे जो असायचा त्याच्याशी बोलायचं नसायचं. चौतीस वर्षं आवाज ऐकले आहेत मी.

"सुची, सात नंबरवर काय होतं ते सांग. तोवर मी काही दाबत नाही."

मग तिने सांगितलं.

"आईचा जुना मोबाइल. कोपरा फुटलेला. हळदीच्या डब्यापाशी असायचा तो."

तो मोबाइल मला माहीत होता. तीन वर्षं तो तिथे उभा होता, चार्जरला लावलेला, पाठीला मिठाची बरणी टेकवलेली. मी एकदा विचारलं होतं, हा इथे कशाला? कुमुद म्हणाली होती, "कुकरच्या शिट्ट्या मोजायला. घड्याळ आहे त्यात." मी विश्वास ठेवला होता. शिट्ट्या मोजायला मोबाइल लागत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"त्यात कॅमेऱ्याचं ॲप टाकलं होतं," सुची म्हणाली. "तुम्ही बँक म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने मला फोन करून विचारलं, मला शिकवशील का म्हणून. तुम्ही संध्याकाळी वाचनालयात जायचात, तेव्हा ती स्वयंपाक करायची. तुमचे साडेसहा म्हणजे इथले सकाळचे सहा. मी उठून लॅपटॉप उघडून ठेवायची. ती फोनवर बोलायची नाही. नुसती फोडणी द्यायची, भांडी वाजवायची, मधूनच इकडे बघून 'डबा भरलास का गं?' म्हणायची. मी माझं आवरायची. बस्स. त्या हिवाळ्यात मला इथे फार जड गेलं होतं अण्णा. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही फोन तिला देऊन टाकायचात."

खरं होतं.

"आई गेल्यावर मी परत आले इकडे," सुची पुढे म्हणाली, "तरी सकाळी सहाला उघडलं. सवयीने. ओटा दिसला. रिकामा. पण दिसला. मी तेवढ्यावर आवरलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर थोड्या वेळाने तुमचा हात आला. हात कॅमेऱ्याकडे आला आणि सगळं काळं झालं."

अठरावा दिवस. मी आवरत होतो. तो मोबाइल चार्जरवरून काढला, बंद केला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. शिट्ट्या मोजायला आता कोण होतं?

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आईचं गुपित होतं ते. आणि तुमचं घर आहे."

"मग आता हा नियम माझ्याकडून का काढवतेस? तुला तिथून येत नाही?"

"येतं. मला इथूनही राऊटर उघडता येतो. आईने तशी सोय करून ठेवली होती. सगळं पाच मिनिटांत झालं असतं." तिचा आवाज फाटला. "मी अजून रोज सहाला आठ हजार ऐंशी उघडते अण्णा. कनेक्ट होत नाही म्हणून येतं. तरी उघडते. हे थांबलं पाहिजे ना? तीन वेळा त्या डब्याच्या चित्रापर्यंत आले. हात चालला नाही. म्हटलं, तुम्ही काढाल. तुम्हाला माहीत नाही म्हणजे तुम्ही सहज काढाल."

मी वही मिटली. म्हणालो, "आज नको. उद्या बघू."

"उद्या नक्की? नाहीतर मी खरंच तिकीट काढते हं."

"नक्की."

त्या दिवशी मी वाचनालयात गेलो नाही. पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. दहा वर्षं मी त्या दोघींना जोडून दिलं आणि बाजूला झालो, हे मला चांगुलपणाचं वाटत होतं. बोर्डावर कोपऱ्यात बसलेल्या माणसाला सगळ्या ऑफिसची ये-जा माहीत असते आणि त्याच्याशी बोलायला कुणी फोन केलेला नसतो. घरातही मी तसाच बसलो होतो. फरक इतकाच की घरात मला कुणी तसं बसायला सांगितलं नव्हतं.

पुलावरून परतताना दुसरी गोष्ट सुचली. ती खरं म्हणजे सकाळीच सुचायला हवी होती. ऑफिसात नवे साहेब आले की जुन्या साहेबांचं एक्स्टेंशन कापून त्यांना देत नसू. नवा नंबर द्यायचो. नंबर काय कमी होते?

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर मी मोबाइल पूर्ण चार्ज केला, जवळचा चष्मा घेतला, वही उघडून ओट्यावर ठेवली. मिरचीच्या डब्याने पान दाबून धरलं. आकडे इंग्रजीत टाकले. टिंबं विसरलो नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये गेलो आणि नवीन नियम लिहिला. बाहेरचा पोर्ट ८०८१. आतला ८०८०, पत्ता बारा. नाव ANNA. सेव्ह दाबलं. लाल ओळ आली नाही. AAI च्या खाली ANNA येऊन बसलं.

हॉलच्या कॅमेऱ्याचं काम झालं. आता नवा नंबर कळवला की सुचीला मी दिसणार होतो आणि घराला कुलूप लागणार नव्हतं. मला तेवढंच करायचं होतं. मी उठलोही होतो. पण वहीत पुढे अजून कृती होती.

'नंतर जुना मोबाइल चालू करून कॅमेऱ्याचं ॲप उघडावं. शेवटी हिरवं बटण दाबावं. वर आकडे आले की झालं. हळदीच्या डब्याशेजारी असा ठेवावा की शेगडी दिसेल, पण आपलं पोट फार दिसू नये. टीप – वीज जाऊन आली की मोबाइलचा आतला नंबर बदलतो. म्हणून सात नंबर कायमचा बांधून घेतला आहे.'

कायमचा बांधून घेतला आहे. मी ड्रॉवर उघडला. मोबाइल लाटण्याखाली होता. चार्जरला लावला. बराच वेळ काही झालं नाही, मग उजेड आला. ॲप उघडलं, हिरवं बटण दाबलं. वर आकडे आले, शेवटी सात. मिठाची बरणी पाठीशी लावून तो होता तिथे उभा केला. पोटाचं बघितलं नाही.

सव्वासहाला मी तांदूळ आणि तुरीची डाळ धुतली. आधीचं पान काढलं, फोडणीची खिचडी, सुचीला आवडते तशी. मी तोवर चहा आणि मॅगी यांच्या पलीकडे गेलो नव्हतो. साडेसहाला तेल तापत ठेवलं. मोबाइलकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिला दिसत असेल की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता. आज तिने उघडलं नसेलही. रोजचं एकदा थांबलं पाहिजे म्हणाली होती, कदाचित आजच थांबवलं असेल. मी मोहरी टाकली.

खिशातला फोन वाजला.

"हॅलो."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी वाट बघितली.

"अण्णा," सुची म्हणाली, "गॅस मोठा आहे."

मी गॅस बारीक केला. "आता?"

"मोहरी करपली. असू दे. जिरं टाका. आता हिंग."

"हिंग कुठे ठेवते ती?"

"मोबाइलच्या मागे. तांबड्या झाकणाची डबी."

मी हात पुढे केला.

"अण्णा, हात!" ती एवढ्या जोरात ओरडली की फोन माझ्या हातातून सुटता सुटता राहिला. "हात नका आणू. बंद होईल!"

"अगं, बंद नाही करत. हिंग घेतोय."

मी हळूच बाजूने हात घातला आणि डबी काढून मोबाइलसमोर धरली. "ही बघ. हिंग."

ती रडत होती की हसत होती ते मला आवाजावरून कळलं नाही. चौतीस वर्षं आवाज ऐकले, पण हा ओळखता आला नाही.

"चिमूटभरच," शेवटी ती म्हणाली.

मी चिमूटभर टाकलं. मग फोन स्पीकरवर करून ओट्यावर ठेवला आणि काम चालू ठेवलं. ती तिकडे काहीतरी उघडत होती, कपाट की फ्रिज. कपबशी वाजली. आम्ही फारसं बोललो नाही. मध्ये एकदा मला विचारावंसं वाटलं म्हणून विचारलं, "डबा भरलास का गं?" ती म्हणाली, "भरतेय." कुकरच्या शिट्ट्या मी बोटांवर मोजल्या.

झाकण काढून पहिला घास तिथेच उभ्याने खाल्ला.

"खाली लागली ना?" सुचीने विचारलं.

"तुला वास आला का तिथे?"

"तोंड बघितलं तुमचं."

जेवण झाल्यावर वही परत ठेवण्याआधी मी ती उघडली. राऊटरच्या कृतीखाली चार बोटं जागा शिल्लक होती. पेन आणलं आणि कुमुदच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं:

'टीप – आठ हजार ऐंशी काढू नये. हिंगाची डबी मोबाइलमागून हलवली आहे. आता चहाच्या डब्याशेजारी असते.'